साठीची बुद्धी आणि शेवटची चारी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. आजोबा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधू लागले, की कोणीतरी ही म्हण हमखास उच्चारते आणि सारे हसतात. पुढे आजोबांचे बोलणे मंदावते, चालताना पाय फरफटू लागतात, बाजारातून काय आणायचे होते ते सुचेनासे होते. मग ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून घरचे लोक गप्प बसतात. वय झाले की बुद्धी जाणारच, त्याला कोण काय करणार, असा विचार या गप्प बसण्यामागे असतो.

विद्यार्थी मित्रहो, हा विचार आपण शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहू. भारतातील साठ वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या लोकांची तपासणी करून शास्त्रज्ञांनी २०२३ साली एक अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार अशा दर शंभर माणसांपैकी सुमारे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशभरात ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. संख्या मोठी आहे खरी. पण दुसऱ्या बाजूने पाहा. शंभरातील ब्याण्णव-त्र्याण्णव वृद्धांना स्मृतिभ्रंश नाही! केवळ वय वाढल्याने बुद्धी जात असती, तर ती सर्वांचीच गेली असती. तेव्हा स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा नियम नव्हे, तो मेंदूच्या आजाराचा परिणाम आहे.

असे आजार अनेक आहेत. त्यांत अल्झायमरचा आजार सर्वांत अधिक आढळतो. त्याच्या खालोखाल क्रमांक लागतो तो मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्याने होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा. या रक्तवाहिन्यांपैकी अगदी बारीक वाहिन्यांचा आजार आज आपण समजून घेणार आहोत. त्याची एक खोड आरंभीच सांगून ठेवतो. हा आजार दिसतो साठीनंतर. पण त्याची सुरुवात बहुधा चाळिशीच्या सुमारास झालेली असते.

मेंदूचा पाणीपुरवठा

मेंदूतील रक्तवाहिन्यांची रचना समजण्यासाठी बीड जिल्ह्यातील एक परिचित गोष्ट घेऊ. गोदावरीवर पैठण येथे जायकवाडीचे धरण आहे. त्याचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावच्या बाजूला येतो. कालव्यातून वितरिका फुटतात, वितरिकेतून चाऱ्या निघतात आणि चारीतून पाणी शेताच्या सऱ्यांत शिरते. चारीच्या अगदी शेवटी ज्याचे शेत असते त्याला ‘टेलचा शेतकरी’ म्हणतात. कालव्याला पाणी सुटले, तरी टेलच्या शेतात ते पोचेलच याची खात्री नसते. वाटेत चारी गाळाने भरली, कोठे फुटली किंवा पाणी कमी दाबाने सुटले, तर पहिला फटका बसतो तो टेलच्या शेताला.

आता मेंदूकडे वळू. माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. म्हणजे शरीराच्या वजनाच्या केवळ दोन टक्के. पण शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदूच वापरतो. त्याला दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त लागते. मेंदूत अन्नाचा किंवा प्राणवायूचा म्हणावा असा साठा नसतो. रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत चेतापेशी मरू लागतात.

हे रक्त मानेतून वर जाणाऱ्या चार रोहिण्या आणतात. दोन पुढच्या बाजूने जातात, दोन मानेच्या मणक्यांच्या आधाराने. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक वलय तयार होते. एक रोहिणी काहीशी अरुंद झाली, तरी या वलयामुळे दुसरीकडून रक्त येऊ शकते. निसर्गाने केलेली ही मोठीच सोय होय. कालव्यांच्या पातळीवर मेंदूची व्यवस्था अशी भक्कम आहे.

चाऱ्यांच्या पातळीवर मात्र ती तशी नाही.

शेवटची चारी

मेंदू मधोमध कापला तर दोन रंगांचे भाग दिसतात. बाहेरच्या घड्यांचा थर करड्या रंगाचा असतो. त्यात चेतापेशींची गर्दी असते. आतला मोठा भाग पांढरट असतो. चेतापेशींपासून निघणारे लांब तंतू येथून जातात. या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते, म्हणून हा भाग पांढरा दिसतो. विजेच्या तारेवर रबराचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण असते, तद्वत हे वेष्टन समजा. त्यामुळे संदेश झपाट्याने जातात. एका मेंदूतील असे सारे तंतू एकापुढे एक जोडले, तर त्यांची लांबी सुमारे दीड लाख किलोमीटर भरेल असा अंदाज आहे. पृथ्वीला जवळजवळ चार प्रदक्षिणा घालता येतील एवढी ही लांबी आहे!

करड्या थरातील पेशी ही जणू गावे आणि पांढऱ्या भागातील तंतू हे गावांना जोडणारे रस्ते. या रस्त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिण्या दोन बाजूंनी येतात. काही पृष्ठभागावरून आत शिरतात, तर काही मेंदूच्या तळाकडून वर चढतात. त्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून केसाइतकी असते. दोन्ही बाजूंच्या वाहिन्यांची टोके मेंदूच्या खोल भागात संपतात. त्यांच्यात जोडचाऱ्या जवळजवळ नसतात. एक बंद पडली, तर शेजारची मदतीला येत नाही. मेंदूतील टेलची शेते ती हीच.

तळाकडून चढणाऱ्या वाहिन्यांची आणखी एक अडचण आहे. हातापायांत मोठ्या रोहिणीला मध्यम फांद्या फुटतात, मध्यम फांद्यांना लहान, आणि या वाटचालीत रक्ताचा दाब पायरीपायरीने उतरतो. मेंदूच्या तळाशी मात्र जाड रोहिणीतूनच केसासारख्या वाहिन्या थेट निघतात. मुख्य कालव्याच्या भिंतीला भोक पाडून त्यात ठिबकची बारीक नळी बसवावी तसा हा प्रकार. कालव्यातला सारा जोर त्या नाजूक नळीवर येतो. दाब योग्य असेल तोवर काही बिघडत नाही. तो वर्षानुवर्षे चढलेला राहिला, तर काय होईल?

नळी अरुंद झाली की

उच्च रक्तदाबाला तोंड देता देता बारीक रोहिणीची भिंत जाड होत जाते. भिंतीतील लवचीक स्नायू मरतात आणि त्यांच्या जागी कडक तंतुमय पदार्थ साठतो. बाहेरून वाहिनी तेवढीच दिसते, पण आतली पोकळी आक्रसते. शिवाय ती ताठ बनते. निरोगी वाहिनी गरजेनुसार रुंद किंवा अरुंद होऊन मेंदूला लागेल तेवढेच रक्त सोडते. ताठ वाहिनीला हे जमत नाही. मधुमेह आणि तंबाखू यांच्यामुळे हे नुकसान आणखी वाढते.

येथे भौतिकशास्त्रातील एक नियम आपल्या उपयोगी पडतो. प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने १८४०च्या सुमारास बारीक काचनळ्यांतून द्रव कसा वाहतो याचे कसोशीने मोजमाप केले. त्याला आढळले, की दाब आणि नळीची लांबी तीच ठेवली, तर प्रवाह हा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळावा हिस्सा उरतो! त्रिज्या केवळ एक दशांशाने घटली, तरी प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. (०.९ चा चौथा घात काढून पाहा.) रक्त हे पाण्यासारखे साधे द्रव नाही आणि रोहिणी ही काचेची नळी नाही, त्यामुळे शरीरात हा हिशोब जसाच्या तसा लागू पडत नाही. तरी थोडेसे अरुंद होणे केवढे महागात पडते, हे त्यावरून कळते.

बिघडलेल्या वाहिनीचे पुढे तीन प्रकारे परिणाम होतात. ती एकाएकी पूर्ण बंद पडली, तर तिच्या टोकाचा मेंदूचा तुकडा मरतो आणि तेथे लहानसा खड्डा उरतो. तो साधारण ३ ते १५ मिलिमीटरचा, म्हणजे मुगाच्या दाण्यापासून छोट्या बोरापर्यंत असतो. वाहिनी बंद न पडता नुसतीच अरुंद राहिली आणि तिच्या भिंतीतून रक्तातील द्रव झिरपू लागला, तर आसपासच्या तंतूंचे मायलिन हळूहळू झिजते. आणि वाहिनी फुटली, तर रक्तस्राव होतो. तो कधी टाचणीच्या डोक्याएवढा असतो, तर कधी जिवावर बेतणारा.

एखादा खड्डा पडला, तरी पुष्कळदा माणसाला पत्ता लागत नाही. दुखत नाही, चक्कर येत नाही, काम चालू राहते. पण असे खड्डे साठत जातात. गावे शाबूत राहतात, रस्ते मात्र एकेक करून उखडत जातात.

हे खड्डे प्रथम कोणी पाहिले?

१८९४ साली ऑटो बिन्स्वांगर या वैद्याने काही रुग्णांच्या मेंदूंचे वर्णन केले. त्यांतील करडा थर बराचसा ठीक होता, पण आतला पांढरा भाग झिजला होता. १९०२ साली त्याची अधिक सूक्ष्म माहिती दिली ती आलॉइस अल्झायमर यांनी. ज्यांच्या नावाचा आजार आज सर्वतोमुखी आहे तेच हे अल्झायमर. त्यांचा तो प्रसिद्ध शोध १९०६ सालचा. त्याआधी ते रक्तवाहिन्यांच्या या आजाराचा अभ्यास करीत होते. १९०१ साली पॅरिसमध्ये पिएर मारी यांनी वृद्धांच्या मेंदूंतील लहान लहान खड्डे नोंदले. पुढे १९६०च्या दशकात बोस्टन येथे मिलर फिशर यांनी मेंदूंचे अतिशय पातळ काप घेतले. खड्ड्याकडे जाणारी वाहिनी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मागोमाग शोधत नेली आणि ती नेमकी कोठे बंद पडली ते दाखवून दिले.

या सर्वांना मेंदू पाहता येई तो रुग्णाच्या मृत्यूनंतरच. १९७१ साली इंग्लंडमध्ये जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सी.टी. स्कॅन झाला आणि १९८०च्या दशकात एम.आर.आय. तंत्राचा प्रसार झाला. आता एम.आर.आय.च्या चित्रात झिजलेला पांढरा भाग चकाकणाऱ्या ठिपक्यांसारखा स्पष्ट दिसतो. वयस्क माणसांत असे थोडे ठिपके बऱ्याचदा आढळतात आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. ते पसरत जाऊन एकमेकांत मिसळू लागले, की मात्र बुद्धीचा आणि चालण्याचा वेग मंदावतो.

सर्वच रुग्णांत उच्च रक्तदाब हे कारण असते असेही नाही. काही मोजक्या घराण्यांत हा आजार आनुवंशिक असतो आणि ऐन तारुण्यात किंवा मध्यम वयात डोके वर काढतो. त्याला कारणीभूत असलेले नॉच-३ नावाचे जनुक १९९६ साली सापडले. पण असे रुग्ण थोडे. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार रक्तदाबच.

आजोबा विसरतात की अडखळतात?

आता लक्षणे पाहू. समजा, एका आजोबांना विचारले, “आजोबा, काल आपल्याकडे कोण आले होते?” ते बराच वेळ विचार करतात आणि “आठवत नाही बुवा,” म्हणतात. तुम्ही सुचवता, “गेवराईहून कोणीतरी आले होते ना?” त्याबरोबर त्यांचा चेहरा उजळतो. “हां, आत्या आली होती की! खव्याचे पेढे आणले होते तिने.”

आठवण आत साठलेली होती. तिच्यापर्यंत जाणारा रस्ता खराब झाला होता. तुम्ही खूण दाखवताच त्यांना दुसरी वाट सापडली. अल्झायमरच्या आजारात पुष्कळदा असे होत नाही. तेथे आठवण मुळात साठवलीच गेलेली नसते, म्हणून खूण दिली तरी उपयोग होत नाही. बारीक वाहिन्यांच्या आजारात विसरण्यापेक्षा मंदपणा आधी जाणवतो. हिशोबाला वेळ लागतो. स्वयंपाकासारखे क्रमाने करायचे काम मध्येच अडते. दोन गोष्टी एकदम सांगितल्या, की गोंधळ उडतो. कशातच उत्साह वाटत नाही. कधी क्षुल्लक कारणाने रडू कोसळते. पावले आखूड पडतात आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात. लघवीची घाई होते. ही सारी कामे मेंदूच्या पुढच्या भागाला खोल भागाशी जोडणाऱ्या लांब तंतूंवर अवलंबून असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे लक्षणांचा उलगडा होतो.

अर्थात प्रत्येक विसराळू माणसाला हा आजार असतो असे समजू नका. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, मनाचे नैराश्य, इतकेच काय, नीट ऐकू न येणे, यांमुळेही माणूस ‘भ्रमिष्ट’ वाटू शकतो. आणि यांतील पुष्कळ गोष्टी उपचाराने सुधारतात. अनेक वृद्धांच्या मेंदूत अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार हे दोन्ही एकत्र नांदतात. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचे असते. ‘वय झाले’ हे निदान नव्हे.

दाब मोजला कोणी, उतरवला कोणी?

एकदा मेलेले तंतू परत उगवत नाहीत. तेव्हा खरा उपाय म्हणजे चारी बिघडू न देणे. त्यासाठी दाब मोजता आला पाहिजे आणि उतरवताही आला पाहिजे.

दंडाला फुगवायची पट्टी बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोची यांनी बनवले. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. मोजणे जमले, पण उतरवायचा कसा? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब अनेक वर्षे चढत होता. जगातील उत्तम डॉक्टर त्यांच्या दिमतीला होते, पण हाताशी गुणकारी औषध नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचा दाब ३००/१९० पर्यंत चढला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचा अंत झाला.

यानंतर चारच वर्षांनी एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध झाला, तो मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या देशात पूर्वापार औषधी म्हणून वापरात होती. डॉ. वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना तिचे औषध देऊन मोजमाप ठेवले आणि त्याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले. जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. १९५२ साली तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अधिक सुरक्षित औषधे निघाली आणि सर्पगंधेचा वापर मागे पडला. तेव्हा तिची मुळी आणून कोणी घरगुती प्रयोग करू नयेत! पण रक्तदाब औषधाने उतरवता येतो हे जगाला पटवून देण्यात एका मुंबईकर डॉक्टरांचा वाटा आहे, हे विसरू नये.

दाब उतरवल्याने बुद्धी खरोखर वाचते का? अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या ९,३६१ लोकांचे दोन गट करून पाहण्यात आले. एका गटाचा वरचा दाब १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्याचा १२० च्या खाली. २०१९ साली हाती आलेल्या निष्कर्षांत दुसऱ्या गटातील कमी लोकांची बुद्धी मंदावलेली आढळली. त्यांच्या मेंदूतील चकाकणारे ठिपकेही कमी वाढले होते. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मात्र दोन गटांतील फरक ठामपणे बोलण्याइतका नव्हता.

ती उणीव २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील प्रयोगाने भरून काढली. हा प्रयोग ३२६ खेड्यांत झाला. त्यात चाळिशी ओलांडलेले सुमारे ३४ हजार लोक होते. निम्म्या खेड्यांत गावपातळीवर काम करणाऱ्या वैद्यांनी, मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लोकांना नियमित गोळ्या दिल्या आणि दाब ताब्यात ठेवला. चार वर्षांनी पाहिले, तर या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते. यासाठी मोठी रुग्णालये लागली नाहीत. दंडाची पट्टी, साध्या गोळ्या आणि गावात घरोघरी जाणारा माणूस, एवढ्यावर हे साधले.

बीडच्या गावांत याचा अर्थ काय?

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळी झाली, की बालाघाटच्या डोंगराळ भागातील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जाते आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परतते. गावात राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. आजी-आजोबांमधील बदल सर्वांआधी या मुलांच्याच दृष्टीस पडतो.

पण आजोबांइतकेच लक्ष द्यायला हवे ते वडिलांकडे आणि आईकडे. हा आजार चाळिशीत सुरू होतो असे आपण आरंभी म्हटले. आज चाळिशीत कोण आहे? फडात ऊस तोडणारी पिढी! ‘अंगमेहनत करणाऱ्याला बी.पी. होत नाही’ असा समज गावोगावी आहे. तो खरा नाही. कष्टाने शरीराला फायदा होतो. पण वाढते वय, आनुवंशिकता, भाकरीबरोबरचे खारट लोणचे, ठेचा आणि पापड, तसेच तंबाखू व मिश्री यांचा परिणाम कष्टाने पुसला जात नाही. फडावर एक दिवस दवाखान्यात जायचे, तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. गावातून नेलेल्या गोळ्या संपल्या, की त्या तशाच बंद होतात. काही दुखत नसल्याने कोणाला त्याचे काही वाटत नाही. अशा सहा महिन्यांच्या खंडांनी चारी आतून खचत जाते.

यावर उपाय अवघड नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मोजून मिळतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये. निरनिराळ्या दिवशी मोजूनही दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो उच्च रक्तदाब समजतात. गोळ्या सुरू झाल्या, तर हंगामाला निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगून पुढच्या महिन्यांची सोय विचारावी. गोळीचे नाव आणि शेवटचा दाब लिहिलेला कागद सोबत न्यावा, म्हणजे कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात औषध पुढे चालू ठेवता येते. बरे वाटते म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. आजोबांची लक्षणे वर वर्णन केल्यासारखी असतील, तर बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे त्यांना दाखवता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सर्व पदार्थ मिळून चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी.

चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर ‘थोडे पडून राहा’ म्हणू नका. १०८ क्रमांकावर ताबडतोब फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि जेवढे लवकर तेवढे बरे.

ज्यांना आजार जडला आहे त्यांच्यासाठीही करण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांचा दाब आणि साखर ताब्यात ठेवल्यास आजाराचा वेग मंदावू शकतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि उत्तराला वेळ द्या. ‘एवढेही आठवत नाही का?’ असे म्हणण्याऐवजी एखादी खूण सांगा. रात्री मोरीच्या वाटेवर दिवा असू द्या. रोज त्यांच्याबरोबर थोडे चाला, गप्पा मारा. त्यांच्या मंदपणात हट्ट नाही आणि नाटकही नाही. त्यांचे रस्ते खराब झाले आहेत, एवढेच.

करून पाहा

एक लिटरच्या दोन सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे वरचे तोंड कापून टाका. तळाजवळ एकेक भोक पाडा. एकीच्या भोकात शरबत पिण्याच्या नळीचा दहा सेंटिमीटरचा तुकडा आडवा बसवा. दुसरीच्या भोकात शाई संपलेल्या रिफिलीचा, दोन्ही टोके कापलेला, तेवढाच तुकडा बसवा. फटी मेणाने बुजवा. दोन्ही बाटल्यांत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि प्रत्येकीतून एक पेला पाणी भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. नळ्यांच्या पोकळीची रुंदी पट्टीने मोजून ठेवा. रुंदी जितक्या पटीने कमी, तितक्याच पटीने वेळ अधिक लागला का, की त्याहून पुष्कळ जास्त?

विचार करा

१. रोहिणीची त्रिज्या एक तृतीयांश झाली, तर प्वाझयच्या नियमानुसार प्रवाह मूळच्या कितवा भाग उरेल?

२. मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे वलय असूनही खोल भागातील तंतूंना धोका का असतो?

३. खूण दिल्यावर आठवणे आणि खूण देऊनही न आठवणे, या दोहोंत मेंदूच्या दृष्टीने कोणता फरक आहे?

४. तुमच्या घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब शेवटी केव्हा मोजला होता? वहीत तक्ता करा. ज्यांच्या नावापुढची जागा रिकामी राहील, त्यांना या आठवड्यात उपकेंद्रात घेऊन जा.